दुसरा पान्हा

गेल्या महिन्यात एका रात्री लेकीचा पुण्याहून फोन आला. तिला सातवा महिना लागला होता. खेप दुसरी. इकडचं-तिकडचं बोलून झालं आणि मग जरा थांबून ती म्हणाली, ''अम्मी, ह्या वेळी मी अंगावर पाजायच्या फंदात पडणारच नाही. डबा आधीच आणून ठेवते. मागच्या वेळसारखं रडत बसायची माझ्यात ताकद नाही.''

मी लगेच काही बोलले नाही. मागच्या वेळचं मला ठाऊक होतं, पण डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. तो २०२०चा मे महिना होता. टाळेबंदी. मी सांगलीत अडकलेली, ती पुण्यात. सिझेरियन झालं, बाळाला दीड दिवस वेगळं ठेवलं, आणि तिसऱ्या दिवशी घरी पाठवून दिलं. घरात ती आणि जावई, दोघंच. मी मोबाइलच्या पडद्यावरून शेक कसा द्यायचा, बाळाला कसं धरायचं ते सांगत होते. पडद्यावरून बाळ धरता येत नाही. पाचव्या आठवड्यात तिचं दूध आटलं. तेव्हापासून तिच्या मनात एक गाठ बसली, की आपण आई म्हणून कुठेतरी कमी पडलो.

ती ज्या डब्याचं म्हणत होती, त्याच डब्यावर ती स्वतः काही महिने वाढली. हे तिला माहीत आहे. पण ते कसं झालं, हे मी तिला कधी नीट सांगितलेलं नव्हतं. सांगायचं म्हणून बसले, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ही नुसती माझी आणि तिची गोष्ट नाही. तिला मागे मोठा इतिहास आहे. मी इतिहासाची अभ्यासक नाही, कविता लिहिते. बी.ए.ला मराठीच्या जोडीला इतिहास होता, एवढाच संबंध. तरी पान्हा ह्या गोष्टीला इतिहास असतो, तो आज तुमच्यापुढे थोडासा मांडावा असं वाटतं.

आपला एक समज असतो, की पूर्वीच्या बायकांना सगळं आपसूक जमायचं. मूल झालं, पदराखाली घेतलं, दूध आलं. तसं नव्हतं. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाई राणीसाहेब आजारी होत्या, त्यांचं दूध बाळाला पुरत नव्हतं. तेव्हा पायथ्याजवळच्या कापूरहोळ गावची धाराऊ गाडे ही गडावर आली आणि तिनं शंभूबाळाला दूध पाजलं. पुढे ५ सप्टेंबर १६५९ला सईबाई गेल्या. धाराऊच्या मुलांना, अंतोजी आणि रायाजी यांना, शंभूराजांचे दूधभाऊ म्हणून मान मिळाला. आता ह्यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की सईबाईंना दूध कमी आलं म्हणून इतिहासानं त्यांना बोल लावलेला नाही. तशी वेळ येते, हे लोकांना ठाऊक होतं, आणि तशी वेळ आली तर काय करायचं हेही ठाऊक होतं.

त्याच काळातली दुसरी गोष्ट हिरकणीची. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, आणि ती रात्रीच्या अंधारात कडा उतरून गेली. आख्यायिकाच ती, पण महाराष्ट्राच्या मनात ती खरी आहे. एसटी स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी जी खोली असते, तिचं नाव 'हिरकणी कक्ष'. चांगलंच आहे. पण मला नेहमी वाटतं, की आपण सभासमारंभांत हिरकणी सांगतो आणि धाराऊ विसरतो. एकटीनं कडा उतरणारी आई आपल्याला आवडते. दुसऱ्या बाईच्या मदतीला धावून गेलेली बाई तितकी आठवत नाही. आणि ओल्या बाळंतिणीला गरज असते ती धाराऊची.

आमच्याकडे मिलादच्या वाअजमध्ये लहानपणापासून दाई हलीमाची गोष्ट ऐकली. मक्केतली तान्ही मुलं वाळवंटातल्या कबिल्यांकडे दूध पाजायला देण्याची तेव्हा रीत होती. बनू सअद कबिल्यातली हलीमा अशीच मूल शोधत आली. दुष्काळाचं साल. तिच्या स्वतःच्या मुलालाही तिचं दूध पुरत नव्हतं, ते रात्रभर रडायचं. पैगंबर साहेब तेव्हा तान्हे, वडील आधीच वारलेले, त्यामुळे त्यांना न्यायला कोणी तयार नव्हतं. रिकाम्या हातानं परतायचं नाही म्हणून हलीमानं त्यांना घेतलं. आणि सीरतच्या ग्रंथांत असं येतं, की त्यांना पदराखाली घेताच तिला इतकं दूध आलं की दोन्ही मुलं पोटभर पिऊन झोपली. श्रद्धावंत त्याला बरकत म्हणतात, मीही म्हणते. पण ही गोष्ट मी एकदा एका नर्सबाईंना सांगितली, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, ''बरोबरच आहे. दोन बाळं ओढायला लागली की दूध वाढतंच.'' मला त्या दोन्ही बोलण्यांत भांडण दिसलं नाही.

इस्लामी कायद्यात दुधाच्या नात्याला 'रजाअत' म्हणतात. एका बाईचं दूध प्यालेली मुलं सख्खी भावंडं मानली जातात, त्यांचं आपसांत लग्न होत नाही. कुरआनात पुरी दोन वर्षं पाजण्याचा उल्लेख आहे, पण त्याच ठिकाणी हेही आहे, की पाजणाऱ्या आईच्या खाण्याकपड्याचा भार बापावर आहे, मुलापायी आईला त्रास होऊ नये, आणि दुसऱ्या बाईकडून पाजून घ्यायचं ठरवलं तर त्यात दोष नाही. पहिलं वाक्य सगळे सांगतात, पुढची सांगायची राहून जातात. मोगल दरबारात तर ह्या नात्यानं राजकारण चाललं. अकबराला ज्या जीजी अनगानं दूध पाजलं, तिचा मुलगा मिर्झा अजीज कोका. 'कोका' म्हणजे दूधभाऊ. त्यानं बादशहाला कितीदा दुखावलं, तरी अकबर त्याला माफ करत राहिला. दुधाची आण होती.

आपल्या आयुर्वेदातही हा विषय खोलात जाऊन हाताळलेला आहे. सुश्रुतसंहितेत धात्री कशी असावी हे आहे, आणि दूध कशानं नाहीसं होतं हेही आहे. राग, शोक आणि वात्सल्याचा अभाव, ही त्यातली कारणं. ह्यातल्या राग-शोकाबद्दल आजचं शास्त्र फार वेगळं बोलत नाही. १९४८ साली अमेरिकेत नाइल्स न्यूटन आणि त्यांचे पती मायकेल न्यूटन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाजत असताना आईला मुद्दाम त्रास दिला, तिचं चित्त विचलित केलं, की बाळाला मिळणारं दूध कमी भरायचं. ऑक्सिटोसिन हे संप्रेरक टोचलं की ते बरंचसं पूर्ववत व्हायचं. म्हणजे भेदरलेल्या आईच्या अंगात दूध तयार असतं, पण ते सुटत नाही. आपल्या बायका 'पान्हा चोरला' म्हणतात, तो शब्द किती नेमका आहे! गाय-म्हैस पान्हा चोरते तेव्हा आपण तिला चुचकारतो, पाठीवरून हात फिरवतो. बाईनं चोरला तर मात्र तिला बोल लावतो. 'वात्सल्याचा अभाव' हे कारण तर भलत्याच्या हाती पडलं की सरळ आरोप होतं. निरीक्षण आणि आरोप ह्यांत फार थोडं अंतर आहे.

आणि जुनं ते सगळं सोनं, असंही नाही. तीन-चार दिवसांनी दूध उतरतं, तोवर बाळाला मध-तूप द्यावं, ही समजूत त्याच जुन्या ग्रंथांतून आली आणि घरोघर रुजली. पहिले दोन-तीन दिवस येणारा पिवळसर, घट्ट चीक लोक पिळून टाकत. गाईच्या चिकाचा खरवस आवडीनं खाणारे आपण, आईचा चीक मात्र बाळाला बाधतो म्हणायचो. त्या चिकात रोगांशी झुंजणारी द्रव्यं भरलेली असतात, आणि पहिल्या दिवशी बाळाला काही चमचेच पुरतात, हे कळायला आपल्याला विसावं शतक उजाडावं लागलं.

ह्या विसाव्या शतकात मुंबईत काय चाललं होतं, ते जरा पाहू. १९२१ साली मुंबई शहरात, सरकारी नोंदींप्रमाणे, जन्मलेल्या हजार मुलांमागे सहाशेहून अधिक मुलं वर्षाच्या आत दगावत होती. जन्मांची नोंद पुरी होत नसे, हे धरलं तरी आकडा अंगावर येतो. त्याच सुमाराला डॉ. बार्न्स ह्या डॉक्टरीणबाईंनी मुंबई सरकारसाठी गिरणीत काम करणाऱ्या बायकांची पाहणी केली. त्यांना दिसलं ते असं, की कामावर जाताना जवळपास सगळ्याच आया तान्ह्या मुलांना अफू देत. तिचं नाव 'बाळगोळी'. मूल दिवसभर गुंगीत पडून राही. पाजायला आई घरी नाही, मग मुलाला भूक लागू नये हाच उपाय. त्या आयांच्या अंगात दूध नव्हतं का? होतं. साच्यावर उभं राहून त्यांच्या चोळ्या भिजत असतील. दूध होतं, वेळ नव्हता.

म्हणून पान्ह्याच्या इतिहासात मी एक कायदा महत्त्वाचा मानते. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा द्यावी असं विधेयक आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि त्याचा भार मालकानंही सोसला पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. १९२९ साली तो कायदा झाला, देशातला तशा प्रकारचा पहिला. पुढे १९६१च्या केंद्रीय कायद्यानं बारा आठवडे रजा दिली आणि मूल पंधरा महिन्यांचं होईतो पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्या दिल्या. २०१७च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. शेतात, वीटभट्टीवर, दुसऱ्यांच्या घरी धुणंभांडी करणाऱ्या बाईपर्यंत मात्र ह्यातलं फार थोडं पोचलं.

दरम्यान डबा आला होता. १८६७ साली स्वित्झर्लंडमधल्या व्हेवे गावी हेन्री नेस्ले यांनी दूध-पिठाचं बालान्न बाजारात आणलं. ज्यांची आई गेली, अशा मुलांचे प्राण अशा अन्नानं वाचले असतील, हे मान्य केलंच पाहिजे. पण हळूहळू डबा हा प्रगतीचा मार्ग ठरला. त्याच्या जोडीला घड्याळ आलं. न्यूझीलंडचे डॉ. ट्रुबी किंग यांनी बाळाला दर चार तासांनीच पाजावं, रात्री पाजूच नये, अशी शिस्त घालून दिली आणि ती इंग्रजी साम्राज्यभर पसरली. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं, हा शरीराचा हिशोब. घड्याळानं पाजलं की दूध कमी होतं, दूध कमी झालं की डबा उघडतो, डबा उघडला की बाळ आणखी कमी ओढतं. ह्या चक्रात किती आया सापडल्या असतील! १९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबात डॉ. सिसिली विल्यम्स ह्या जमैकात जन्मलेल्या बाईंनी भाषण केलं. त्याचं नावच होतं 'दूध आणि खून'. डबाबंद दुधाच्या जाहिरातींनी जी मुलं मरतात, त्यांना खून म्हणायचं, असं त्या उभ्या राहून बोलल्या. ऐकायला पस्तीस वर्षं लागली.

आपल्याकडे हा डबा नुसता परदेशी नव्हता. म्हशीच्या दुधापासून बाळाची पावडर करण्याची पद्धत म्हैसूरच्या सीएफटीआरआय संस्थेनं शोधून काढली आणि गुजरातेत ती तयार होऊ लागली. आपल्याला त्याचा अभिमानही वाटला. पण गोरं, गुबगुबीत बाळ असलेला डबा जेव्हा झोपडीत गेला, तेव्हा तिथे उकळलेलं पाणी नव्हतं आणि पुरी मापं घालायला पैसे नव्हते. १९७४ साली ब्रिटनमध्ये 'द बेबी किलर' ही पुस्तिका निघाली, १९७७ साली अमेरिकेत बहिष्कार सुरू झाला, आणि २१ मे १९८१ रोजी जागतिक आरोग्य परिषदेनं डब्यांच्या विक्रीवर बंधनं घालणारी आचारसंहिता मंजूर केली. बाजूनं ११८ मतं, विरुद्ध एकच, अमेरिकेचं. भारतानं १९८३ साली स्वतःची संहिता केली, आणि कायदा केला १९९२ साली. डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र नको, दवाखान्यात फुकट नमुने नकोत, आईचं दूध सर्वोत्तम हे ठळक छापा, असा तो कायदा. त्यावर तारीख आहे २९ डिसेंबर १९९२.

ही तारीख मी विसरू शकत नाही. कारण त्याच डिसेंबरात माझी लेक एक महिन्याची होती.

आम्ही तेव्हा मुंबईत, कुर्ल्याला चाळीत राहत होतो. नोव्हेंबरात सिझेरियन झालं. मुलीला पहिले दोन दिवस माझ्याकडे दिलं नाही. तिला बाटली लावली होती. चीक आला तो सासूबाईंच्या सांगण्यावरून मी पिळून टाकला. दवाखान्यातून निघताना हातात एक डबा ठेवला, फुकट, आणि कागदावर लिहून दिलं, दर तीन तासांनी इतके चमचे. मला तो मायेचा आहेर वाटला! घरी आले तर मुलगी छातीला तोंड लावेना. बाटलीची सवय झालेली. मी वीस वर्षं मराठी कविता वाचलेली बाई, आईच्या दुधावरच्या ओळी मला तोंडपाठ, आणि मला बाळ कसं धरायचं हे कोणी शिकवलेलं नव्हतं.

मग ६ डिसेंबर आला. संचारबंदी लागली. दुकानं बंद, रस्त्यावर जाणं अशक्य. तिसऱ्या दिवशी डबा संपला. मुलगी रडून रडून निळी पडत होती. माझ्या अंगात भीतीशिवाय काही उतरत नव्हतं. रात्री दारावर थाप पडली, आम्ही सगळे गप्प झालो. बाहेर समोरच्या खोलीतल्या वहिनी उभ्या होत्या. चार महिन्यांचा मुलगा त्यांच्या कडेवर. म्हणाल्या, ''किती वेळ ऐकू? द्या इकडे तिला.'' आणि माझ्याच खोलीत, माझ्याच चटईवर बसून त्यांनी एका बाजूला स्वतःचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला माझी मुलगी घेतली. मुलीनं आधी तोंड फिरवलं, मग घुटकन आवाज आला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

पाच दिवस त्या येत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सासूबाई गंभीरपणे म्हणाल्या, ''याद रखना, अब इन दोनों का निकाह नहीं हो सकता.'' वहिनींनी अर्थ विचारला. सांगितल्यावर त्या पोट धरून हसल्या. ''अहो अम्मा, तसंही कुठे करणार होतात!'' बाहेर ती मुंबई होती आणि आत आम्ही तिघी हसत होतो.

त्या पाच दिवसांत वहिनींनी मला धरायला शिकवलं. बाळाचं पोट आपल्या पोटाला, तोंड मोठं उघडलं की नुसतं टोक नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात, आणि घड्याळ उलटं करून ठेवायचं. माझं दूध थोडं परतलं, पण पुरेसं नाही. संचारबंदी उठल्यावर डबा पुन्हा आला. आणि माझ्याही मनात गाठ बसली. तीच गाठ, जी २८ वर्षांनी लेकीच्या मनात बसली.

१९९६ साली मी पुन्हा गरोदर राहिले, तेव्हा मीही हेच म्हटलं होतं, नको तो फंद. पण मधल्या चार वर्षांत हवा बदलली होती. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ सालीच आईच्या दुधाची पेढी सुरू केली होती, आशियातली पहिली. म्हणजे धाराऊच, पण काचेच्या बाटलीत, तपासून आणि निर्जंतुक करून. १९९१ साली वर्ध्याला 'ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया' ही संस्था स्थापन झाली होती. १९९२पासून ऑगस्टचा पहिला आठवडा स्तनपान सप्ताह म्हणून पाळला जात होता. अशाच एका सप्ताहात पालिकेच्या दवाखान्यात एका सिस्टरांनी आम्हा गरोदर बायकांना घेऊन बसवलं. मी माझी कहाणी सांगितली. त्या म्हणाल्या, ''तुमचं दूध नव्हतं, असं नाही. तुम्हाला सुरुवातच मिळाली नाही. ह्या वेळी सुरुवातीची तयारी करा.''

त्या तयारीत लाडू शेवटी होते. आधी डॉक्टरांना सांगून ठेवायचं, की सिझेरियन झालं तरी शुद्धीवर येताच बाळ माझ्याजवळ द्या. चीक टाकायचा नाही. मध, घुटी, बाटली काही नाही. वरचं द्यावंच लागलं तर वाटी-चमच्यानं किंवा आपल्या जुन्या बोंडल्यानं, म्हणजे बाळाची ओढायची सवय मोडत नाही. पूर्वी पुस्तकांतून सांगत, की आधीपासून खरखरीत टॉवेलनं घासून त्वचा कणखर करा. ते करू नका, त्यानं उलट इजा होते, असं त्यांनी बजावलं. आधीच डॉक्टरांकडून तपासून घ्या, कारण थायरॉइडसारख्या दुखण्यानंही दूध कमी येऊ शकतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिले पंधरा दिवस घरात एक अशी बाई हवी, जी तुम्हाला बोलणार नाही. सासूबाईंना मी हे शेवटचं सांगितलं नाही. सिस्टरांनीच घरी येऊन सांगितलं!

मुलगा झाला. सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी भेगा पडल्या, तिसऱ्या दिवशी वजन थोडं उतरलं आणि मी पुन्हा घाबरले. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच, साधारण दोन आठवड्यांत भरून येतं, आणि पाच-सहा दिवसांनंतर बाळानं दिवसात सहा-सात लंगोट ओले केले की पोट भरतंय असं समजावं, हे मला सांगितलेलं होतं म्हणून मी टिकले. आठवडाभर स्वतःचंच दूध पिळून वाटी-चमच्यानंही दिलं. आठव्या दिवशी पहाटे जाग आली ती पदर भिजल्यामुळे. सासूबाईंनी पाहिलं आणि काही न बोलता माझ्यासाठी हळिवाची खीर करायला उठल्या.

तेव्हा मला वाटलं, हा आपला नशिबाचा भाग. पुढे २००१ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिस्टलच्या संशोधकांचा छोटा अभ्यास आला. त्यांनी २२ आयांचं दूध पहिल्या बाळाच्या वेळी आणि दुसऱ्या बाळाच्या वेळीही मोजलं होतं. दुसऱ्या वेळी पहिल्या आठवड्यात दूध सरासरी ३१ टक्क्यांनी जास्त भरलं, आणि जिला पहिल्या वेळी सर्वांत कमी होतं, तिचं सर्वांत जास्त वाढलं. बायका थोड्याच होत्या, त्यावरून प्रत्येकीला हमी देता येत नाही. पण शरीर पहिल्या वेळचं काही विसरत नाही, उलट त्यावर पुढचं रचतं, एवढं त्यातून दिसतं. पहिली खेप वाया गेली असं आपण समजतो, ती वाया गेलेली नसते.

हा सगळा देशच, मला वाटतं, दुसऱ्या खेपेला आहे. २००३ साली कायदा आणखी कडक झाला, दोन वर्षांखालच्या मुलांच्या अन्नाची जाहिरात बंद झाली. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिन्यांखालची ६३.७ टक्के मुलं निव्वळ आईच्या दुधावर असल्याचं दिसलं. ही चांगली बातमी. पण जन्मानंतर तासाभरात आईचं दूध मिळालेली मुलं ४१.८ टक्केच. म्हणजे दवाखान्यात बाळंतपण पोचलं, पण बाळ अजून वेळेवर आईपर्यंत पोचत नाही. बायका कमी पडत नाहीत. सुरुवात हुकते.

हे सगळं मी लेकीला एका फोनवर सांगितलं नाही, तीन-चार रात्री लागल्या. पाच दिवसांची गोष्ट तिनं पहिल्यांदाच सविस्तर ऐकली. दूधभाऊ आहे हे तिला ठाऊक होतं, तिच्या लग्नात तो पुढे होऊन वाढत होता. पण तो दरवाजा, ती रात्र ठाऊक नव्हती. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, ''आणि एवढं करूनही नाही जमलं तर?''

मी म्हटलं, ''तर नाही. काही जणींना सगळं करूनही पुरेसं येत नाही. जेवढं येईल तेवढं दे, उरलेलं डॉक्टर सांगतील तसं वरचं दे. पेढी आहे, डबाही आहे. मी डब्याची दुश्मन नाही, तू त्याच्यावर एवढी मोठी झालीस. पण सुरुवातीला हरल्यासारखा तो आणून ठेवू नकोस. आधी तयारी कर, मग बघू.''

ती डॉक्टरांशी बोलली. शुद्धीवर असताना बाळ छातीवर द्यायचं त्यांनी कबूल केलंय. जावयानं दोन आठवड्यांची रजा टाकलीय. मी पंधरा दिवस आधीच जाणार आहे, तिकीट काढून ठेवलंय. वहिनी आता डोंबिवलीला असतात, गुडघ्यांनी प्रवास होत नाही. पण परवा त्यांचा फोन होता, की मुलगा कामासाठी पुण्याला जाणार आहे, त्याच्याबरोबर किलोभर हळीव पाठवते, खोबरं तिकडे ताजं घ्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)